जुना सेफ्टी रेझर: एक 300 रुपयांना आणि दुसरा लाखाला, असं का?

प्रश्न असा आहे: आजोबांच्या ट्रंकेत जिलेटचा ‘टेक’ रेझर सापडला. निकेलचा मुलामा, डोक्याखाली ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरं. जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याने त्याचे 300 रुपये सांगितले. पण त्याच कंपनीचा, साधारण त्याच काळातला ‘टॉगल’ नावाचा रेझर परदेशात हजार डॉलरच्या वर विकला जातो. दोन्ही पितळेचे, दोन्हींत तेच ब्लेड बसतं, दोन्हींनी दाढी होते. मग एवढा फरक कशाचा?

मी जुने रेझर साफ करतो, दुरुस्त करतो, घेतो आणि विकतो. हा प्रश्न घेऊन येणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक समज पक्का बसलेला असतो: जितकं जुनं तितकं महाग. तो आधी बाजूला ठेवू. रेझर किती जुना आहे यावर किंमत फार थोडी ठरते, आणि दाढी किती छान होते यावर त्याहूनही थोडी. तो नमुना बनला किती, त्यातला धड राहिला किती आणि आज तो मागणारे किती, हे तीन प्रश्न विचारले की जवळजवळ प्रत्येक आकड्याचा उलगडा होतो. त्यातही मधला प्रश्न सगळ्यात मोठा, आणि घरात रेझर सापडलेला माणूस नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष करतो.

वयापासून सुरुवात करू, कारण जिलेटच्या इतिहासातच याचं उत्तर आहे. किंग कँप जिलेट या फिरत्या विक्रेत्याला वापरून टाकून द्यायच्या पातळ पात्याची कल्पना 1895 मध्ये सुचली. इतक्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार लावता येणार नाही, असं जाणकार सांगत होते. ते जमवून दाखवलं विल्यम निकर्सन या अभियंत्याने. 1901 मध्ये बॉस्टनला कंपनी निघाली आणि 1903 मध्ये विक्री सुरू झाली. त्या पहिल्या वर्षात 51 रेझर आणि 168 ब्लेडं विकली गेली. नोव्हेंबर 1904 मध्ये पेटंट मिळालं. रेझरची किंमत होती 5 डॉलर, म्हणजे त्या काळच्या अमेरिकन कामगाराला चांगलीच जड जाणारी.

त्या अगदी सुरुवातीच्या रेझरांच्या मुठीवर दोन कडी कोरलेली असतात, म्हणून संग्राहक त्यांना ‘डबल रिंग’ म्हणतात. ते मुळात थोडे बनले आणि काही वर्षांतच मुठीची घडण बदलली. त्यामुळे कमी अनुक्रमांकाचा, मुलामा शाबूत असलेला डबल रिंग आजही भरपूर पैसे खेचतो. इथे वय आणि दुर्मीळपणा जोडीने आले, म्हणून ‘जुनं म्हणजे महाग’ हे खरं वाटतं.

आता वीस वर्षं पुढे या. नोव्हेंबर 1921 मध्ये पेटंटची मुदत संपली. नक्कल करणारे टपलेलेच होते. कंपनीने आधीच डाव टाकला: सुधारलेला नवा नमुना 5 डॉलरला ठेवला आणि आपलाच जुना नमुना 1 डॉलरला बाजारात ओतला. म्हणजे जो रेझर वीस वर्षं चैनीची वस्तू होता, तो आता कुणालाही परवडू लागला. परिणाम असा की 1920 च्या दशकातला ‘ओल्ड टाइप’, म्हणजे हाच जुना नमुना, शंभर वर्षांचा असूनही आज मुबलक मिळतो. शंभर वर्षांची वस्तू हातात घ्यायची हौस असेल, तर याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. आणि गंमत म्हणजे आजचं साधं दुधारी ब्लेड त्यात जसंच्या तसं बसतं.

लष्करी रेझरांची कथाही अशीच. 1918 मध्ये अमेरिकन सरकारने सैनिकांना देण्यासाठी जिलेटकडून सुमारे 35 लाख रेझर घेतले. पहिल्या महायुद्धात सैनिकाच्या खिशात असलेला रेझर म्हटलं की डोळे विस्फारतात, पण 35 लाख हा आकडाच किंमत खाली खेचतो. नुसता रेझर स्वस्तात जातो. मात्र खाकी कापड लावलेली डबी, आतला आरसा आणि ब्लेडची पेटी असा पूर्ण संच असेल तर भाव एकदम चढतो, कारण रेझर टिकले, कापडाच्या डब्या कुजल्या.

आता प्रश्नातल्या टॉगलकडे येऊ. त्यासाठी दोन वाक्यांत पार्श्वभूमी. 1934 पासून जिलेटने वरून दारं उघडणारे एकसंध रेझर बनवायला घेतले: मुठीच्या टोकाची गुंडी फिरवली की दोन दारं उघडतात, ब्लेड ठेवायचं, उलट फिरवली की बंद. 1958 मध्ये त्यात आणखी एक सोय आली. मुठीच्या गळ्याशी 1 ते 9 आकड्यांचं कडं बसवलं, ते फिरवलं की ब्लेड आणि खालची पट्टी यांतलं अंतर कमी-जास्त होतं. नाजूक त्वचेच्या माणसाने 2 वर ठेवायचं, राठ दाढीवाल्याने 7 वर. किंमत 1 डॉलर 95 सेंट, म्हणून नाव ‘195’. जाड, आखूड मुठीमुळे लोक त्याला ‘फॅट बॉय’ म्हणू लागले आणि तेच नाव टिकलं. 1961 च्या सुमारास त्याची जागा सडपातळ ‘स्लिम’ने घेतली.

टॉगल याच कुळातला. आकड्यांचं कडं तेच, पण दारं उघडायला गुंडी फिरवण्याऐवजी मुठीच्या तळाशी एक छोटी कळ होती. 1950 च्या दशकाच्या अखेरीला तो बाजार चाचपून पाहण्यासाठी मोजक्या संख्येत निघाला, सोन्याचा मुलामा देऊन. नेहमीच्या उत्पादनात तो कधी उतरलाच नाही. संख्या थोडी, घडण वेगळी, दिसायला देखणा, आणि फॅट बॉय गोळा करणाऱ्या प्रत्येकाच्या मांडणीत त्याचीच जागा रिकामी. हजार डॉलर त्या रिकाम्या जागेचे आहेत. दाढीच्या बाबतीत त्याच आकड्यावर लावलेला फॅट बॉय त्याच्यापेक्षा काहीही कमी देत नाही, आणि तो साधारण दहाव्या हिश्शात मिळतो.

तुमचा टेक 1938 च्या सुमारास आला आणि अनेक दशकं बनत राहिला. अमेरिकेत बनला, इंग्लंडमध्ये बनला, युद्धात सैनिकांना दिला गेला. ब्लेडवरची टोपी, ब्लेडखालची तळपट्टी आणि मूठ, बस तीन तुकडे. बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून मोडून टाकलेही कमी गेले. उत्तम वस्तू मुबलक असणं हाच त्याचा स्वस्त असण्यामागचा दोष, आणि वापरणाऱ्यासाठी तोच गुण.

आता मधला प्रश्न: धड किती राहिले. एकाच नमुन्याचे, एकाच वर्षाचे दोन रेझर समोर ठेवले आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या पाचपट निघाली, तर कारण जवळजवळ नेहमी इथे सापडतं.

पहिलं बघायचं ते धातू. चांगल्या जुन्या रेझरचं अंग पितळेचं असतं आणि वर निकेल, चांदी किंवा सोन्याचा मुलामा. पितळ गंजून भुगा होत नाही. मुलामा झिजला तर खालून पिवळं दिसतं, एवढंच. असा रेझर वापरायला उत्तम असतो, आणि हवा तर पुन्हा मुलामा देता येतो. स्वस्त बनावटीच्या रेझरांत मात्र जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून भाग बनवत. त्यावरचा मुलामा फुटला की पाणी आत शिरतं, जस्त खायला लागतं, फोड येतात, खड्डे पडतात. हा रोग आतून पसरतो आणि त्याला इलाज नाही. पुन्हा मुलामा द्यायला घेतला तर खड्डे आणखी खोल होतात. चुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही, कारण चुंबक यांपैकी कशालाच चिकटत नाही. घासल्या गेलेल्या कडेला बघा: पिवळी झाक असेल तर पितळ, करडी आणि फुगलेली असेल तर जस्त. करडा फुगवटा दिसला की मी तो रेझर हातातून खाली ठेवतो, मग नाव कितीही मोठं असो.

दुसरं, मुठीवरची उभी भेग. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती फोटोत दिसत नाही आणि विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसते. 1920 आणि 30 च्या दशकांतल्या बऱ्याच जिलेट मुठी म्हणजे पातळ पितळी नळी. नळी ओढून पातळ करताना धातूत ताण राहून जातो. वर्षानुवर्षं साबण, पाणी, दमट न्हाणीघर हे सोसून एक दिवस ती नळी लांबीच्या दिशेने केसाएवढी फाटते. आटे घट्ट केले की भेग उघडते, मूठ सैल होते, आणि रेझर ब्लेड नीट धरत नाही.

पितळ असं ताणाने का फाटतं, या कोड्याचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. ब्रिटिश काळात भारतातल्या फौजा पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवत. पावसाळा संपल्यावर बाहेर काढली की काडतुसांची पितळी कवचं चिरलेली निघत. ऋतूशी संबंध दिसत होता, कारण कळत नव्हतं. ते 1921 मध्ये स्पष्ट झालं: पागेतल्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया आणि पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. यातला एकच असेल तर काही होत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: जुन्या रेझरच्या मुठीला अमोनिया असलेलं कुठलंही द्रव लावू नका. काच पुसायच्या अनेक द्रवांत आणि धातू चमकवायच्या काही पॉलिशांत तो असतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. नव्वद वर्षं तग धरलेली नळी एका दुपारच्या साफसफाईत फाटलेली मी पाहिली आहे. आपल्याकडची दुसरी सवय म्हणजे चिंच, लिंबू किंवा पितळेची भांडी घासायची पावडर. देवघरातल्या समईला ती ठीक. निकेलच्या पातळ मुलाम्याला आम्ल आणि घर्षण दोन्ही मारक आहेत. काळपट रेझर पाच मिनिटांत लखलखीत होतो, आणि नीट बघितलं तर तो लखलखाट खालच्या पितळेचा असतो. मुलामा गेलेला असतो आणि त्याच्याबरोबर किमतीचा मोठा भाग.

सोन्याच्या मुलाम्याची तर आणखी नाजूक गोष्ट. जिलेट त्यावर पारदर्शक लाखेचा पातळ थर देत असे. उकळत्या पाण्यात टाकला की लाख सुटते आणि सोनं उघडं पडून घासलं जायला लागतं. सोनेरी रेझर कोमट पाण्यापलीकडे नेऊ नये.

मग साफ कसा करायचा? कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, त्यात रेझर भिजत ठेवायचा, मग लहान मुलाच्या मऊ ब्रशाने हळूहळू. जी पांढरी-करडी पुटं दिसतात ती बहुतेक वेळा गंज नसून जड पाण्यातला चुना आणि साबण यांचा थर असतो. दारांचा रेझर अडकलेला असेल तर जोर लावू नका, पुन्हा भिजवा. गुंडी फिरत नाही म्हणून पकडीने पिळलेले रेझर नेहमी येतात. पकडीच्या दातांच्या खुणा कधीही जात नाहीत.

तिसरं, कोपरे. ओल्ड टाइपच्या तळपट्टीला फणीसारखे दात असतात, आणि रेझर न्हाणीघराच्या फरशीवर पडला की टोकाचा दात वाकतो. वाकलेला दात ब्लेडला एका बाजूला उचलतो आणि मग गालावर नेमकी एकाच बाजूला कापाकापी होते. कंपनीलाही ही तक्रार माहीत होती. 1930 मध्ये नवा नमुना काढला तेव्हा टोपीचे कोपरे दणकट केले आणि ब्लेडचे कोपरे कापले. आजच्या दुधारी ब्लेडला चार टोकांना जे खाचे दिसतात, ते तिथून चालत आले आहेत. रेझर विकत घेताना ब्लेड बसवून समोरून बघा: दोन्ही बाजूंना ब्लेडची सारखीच कड बाहेर दिसायला हवी. टोपी आणि तळपट्टी एकमेकांवर सपाट बसतात का, आटे शेवटपर्यंत न घसरता फिरतात का, हे हाताला लगेच कळतं. फोटोवरून घेत असाल तर विक्रेत्याकडे समोरून काढलेला फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

कड्याचे रेझर, म्हणजे फॅट बॉय आणि स्लिम, यांत आणखी एक तपासणी लागते. कडं 1 पासून 9 पर्यंत फिरायला हवं आणि प्रत्येक आकड्यावर टचकन बसायला हवं. फिरताना खालची पट्टी वर-खाली होते का तेही बघा. आत चुना साचून कडं फिरतं पण पट्टी हलत नाही असेही रेझर येतात. ते भिजवून सुटतात. पण कोणी उघडून चुकीचं जुळवलं असेल तर 1 वर ठेवूनही तो 5 सारखा चावतो. असा रेझर धड दिसतो आणि धड रेझराच्या किमतीला विकला जातो.

चौथी गोष्ट म्हणजे संच. पेटी, ब्लेडची डबी, सूचनापत्रक, कधी न उघडलेलं ब्लेडचं पाकीट. लोक रेझर वापरत आणि पेटी फेकत, म्हणून अनेकदा पेटी रेझरपेक्षा दुर्मीळ असते. विल्किन्सन स्वोर्ड या इंग्लिश कंपनीने दुसऱ्या महायुद्धापूर्वी जाड पात्यांचे संच काढले होते, सात दिवसांची सात पाती, प्रत्येकावर वाराचं नाव. सातही वार असले तर संच उत्तम किमतीला जातो. एक वार हरवला की संच राहत नाही, किंमत धाडकन खाली येते. त्या हरवलेल्या एका पात्यासाठी संग्राहक नुसत्या पात्याचे वेगळे पैसे मोजतात.

संच जमवून विकणारेही आहेत, म्हणजे एका दशकाचा रेझर दुसऱ्या दशकाच्या पेटीत. हे पकडायला अमेरिकन जिलेटवरचा तारखेचा संकेत उपयोगी पडतो. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून डोक्याखाली एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. डब्ल्यू म्हणजे 1951, एक्स 1952, वाय 1953, झेड 1954, मग पुन्हा ए म्हणजे 1955 आणि तिथून क्रमाने पुढे. ‘एफ 3’ असेल तर रेझर 1960 च्या तिसऱ्या तिमाहीतला. फॅट बॉय डी, ई, एफ आणि जी या अक्षरांतच सापडायला हवा. 1940 च्या दशकातल्या पेटीत ‘सी’ अक्षराचा रेझर कोणी ‘मूळ संच’ म्हणून दाखवत असेल तर पैसे रेझरचेच द्या, पेटीचे वेगळे ठरवा. इंग्लंडमध्ये बनलेल्या रेझरांना हा नियम लागू करू नका.

नव्या मुलाम्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वापरण्यासाठी झिजलेल्या रेझरला निकेल किंवा ऱ्होडियम चढवून घेणं उत्तम काम आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण ते विकताना सांगायलाच हवं. निकेलच्या फॅट बॉयला सोनं चढवून तो ‘एक्झिक्युटिव्ह’ या मूळच्या सोनेरी नमुन्याच्या नावाने विकणं ही सरळ फसवणूक आहे आणि ती होते. खूण अशी: मूळ मुलाम्याखालची आकड्यांची खाच धारदार असते, पुन्हा पॉलिश केलेल्या रेझरवर अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात. मुलामा नवा देता येतो, पॉलिशमध्ये गेलेली अक्षरांची धार परत आणता येत नाही.

ऱ्होडियमचा विषय निघालाच आहे तर इंग्लंडकडे वळू. लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थमध्ये ग्रेट वेस्ट रोडवर जिलेटचा मोठा कारखाना 1937 मध्ये सुरू झाला. युद्धानंतर तिथे बनलेल्या ‘ॲरिस्टोक्रॅट’ या दारं उघडणाऱ्या नमुन्याच्या काही रेझरांना ऱ्होडियमचा मुलामा दिला गेला. ऱ्होडियम प्लॅटिनमच्या घराण्यातला धातू, कठीण, आणि काळा न पडणारा. ते रेझर आज सत्तर वर्षांनंतरही नुकतेच पेटीतून काढल्यासारखे दिसतात आणि अमेरिकन जोडीदारांपेक्षा महाग जातात. मला स्वतःला सोन्यापेक्षा हे जास्त आवडतात. तिथल्या कामाचा नेटकेपणा गुंडी फिरवतानाच हाताला जाणवतो. ज्याला एकच चांगला जुना रेझर घेऊन तो आयुष्यभर वापरायचा आहे, त्याला मी हाच सुचवतो आणि त्यासाठी जादा पैसे मोजायला सांगतो.

उलट्या टोकाला ‘रोल्स रेझर’. लंडनच्या क्रिकलवूडमध्ये बनणारी ही चकचकीत धातूची पेटी मुंबईच्या चोर बाजारात अधूनमधून दिसते. एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडं, आणि मधली कळ मागे-पुढे ओढली की पातं आपलं आपण उलटत-पालटत धार लावून घेतं. यंत्राची कारागिरी थक्क करणारी आहे. तरी तो स्वस्तच जातो. बनले भरपूर, पातं एकच आणि त्यावर खड्डे पडले की बदली पातं मिळणं अवघड, शिवाय तो वापरायला हात बसावा लागतो. इंग्लंडमधली ती कंपनी 1964 मध्ये बुडाली. कारागिरीला भाव मिळतोच असं नाही, हे पटवायला मी लोकांच्या हातात रोल्स देतो.

शेवटचा प्रश्न मागणीचा. 1971 मध्ये जिलेटने दोन पात्यांचा ‘ट्रॅक टू’ आणला आणि दुधारी रेझर हळूहळू अडगळीत गेले. ते काही शे रुपयांनाही कोणी घेत नव्हतं. पुढे काडतूसवजा ब्लेडं, म्हणजे ट्रॅक टूसारखी मुठीवर अख्खीच बदलायची पाती, इतकी महाग झाली की लोक पुन्हा एका पात्याकडे वळले. या नव्या गिऱ्हाइकांत दोन जाती आहेत आणि त्यांच्यामुळे बाजारही दुहेरी आहे. एकाला मांडणी पूर्ण करायची असते: तो वर्ष, अक्षर, पेटी, मुलामा बघतो. दुसऱ्याला सकाळी दाढी करायची असते: तो ब्लेड किती उघडं राहतं ते बघतो.

दुसऱ्या जातीमुळे काही किमती वेगळ्याच कारणाने चढतात. 1955 च्या सुमारास जिलेटने ‘सुपर स्पीड’ हा दारं उघडणारा रेझर तीन प्रकारांत काढला: निळ्या टोकाचा हलका, साधा मधला, आणि लाल टोकाचा जड. लाल टोकाचा जास्त उघडा, राठ दाढी एका फेऱ्यात काढणारा. साधा सुपर स्पीड ढिगाने मिळतो, लाल टोकाचा त्याच्या कितीतरी पट महाग, कारण तो थोडीच वर्षं बनला आणि राठ दाढीची माणसं त्याच्याच शोधात असतात. पण लाल रंग नव्याने लावलेले साधे सुपर स्पीडही विकले जातात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, दोन्ही शेजारी ठेवून डोक्याची ठेवण बघा.

आपल्याकडच्या बाजाराबद्दल थोडं. पुण्याचा जुना बाजार असो की चोर बाजार, इथे मला दिसणारे जिलेट बहुतेक इंग्लंडमध्ये बनलेले टेक असतात, त्यात पितळी मुठीचे आणि नंतरच्या काळातले ॲल्युमिनियमच्या मुठीचे. अमेरिकन कड्याचे रेझर क्वचित. म्हणून फॅट बॉय इथे परदेशापेक्षाही महाग पडतो: बाहेरून मागवायचा तर पोस्टेज आणि आयात शुल्क चढतं, आणि इथे सापडला तर विक्रेत्याने मोबाइलवर परदेशातला सगळ्यात मोठा आकडा आधीच पाहिलेला असतो. तो आकडा मागितलेला असतो, मिळालेला नसतो. घासाघीस करताना झालेल्या सौद्यांचे आकडे बघा, लटकलेल्या पाट्यांचे नव्हे.

तर तुमच्या टेकचे 300 रुपये ही लबाडी नाही. मूठ पितळी असेल, मुलामा शाबूत असेल आणि मूळ पेटी असेल तर त्याहून थोडे जास्त मिळायला हवेत, पण हजारांच्या गोष्टी त्यात नाहीत. माझं ऐकाल तर विकू नका. वर सांगितल्यासारखा कोमट पाण्यात भिजवा, आटे साफ करा, मुठीवर भिंगातून उभी भेग शोधा, तळपट्टी आरशाच्या काचेवर ठेवून डुगडुगते का पाहा. मग साधं, नवं दुधारी ब्लेड बसवा. टेकची ठेवण सौम्य आहे, म्हणून काडतुसाच्या रेझराला देता तसा दाब देऊ नका. मुठीचं वजनच पुरेसं आहे. रेझर गालाला असा टेकवा की आधी टोपी लागेल, मग मूठ ब्लेड नुकतं कापायला लागेपर्यंत खाली आणा.

आणि भेग सापडलीच तरी पूर्ण रेझर टाकू नका. जिलेटच्या तीन तुकड्यांच्या बहुतेक रेझरांचे आटे एकमेकांना जुळतात. टोपी आणि तळपट्टी ठेवा, जुन्या बाजारात डोकं खराब झालेला एखादा पितळी मुठीचा रेझर शोधा आणि त्याची मूठ याला लावा.